ऐनवेळचे विषय

गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर शेवटचा मुद्दा ठरलेला असतो: ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. अहवाल, ताळेबंद, हिशेबतपासनीसाची नेमणूक वगैरे मुद्दे सभासद ‘मंजूर, मंजूर’ म्हणत चहा येण्याआधी उरकतात. मग कोणीतरी घसा खाकरतो आणि गळती, कुत्री, पाहुण्यांच्या गाड्या, गच्चीची किल्ली असं सगळं या शेवटच्या मुद्द्याखाली बाहेर पडतं. सभा खरी तिथे सुरू होते.

माणसांच्या बोलण्याला कप्पे पाडू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हा शेवटचा मुद्दा येतो. संगणकावरच्या एका सुरुवातीच्या मोठ्या चर्चाजाळ्यालाही तो चुकला नाही, आणि ते चालवणाऱ्या मंडळींचं तर कामच यंत्रांना शिस्त लावण्याचं होतं.

हे जाळं म्हणजे यूजनेट. टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांना १९७९मध्ये त्याची कल्पना सुचली आणि पुढच्या वर्षी ते सुरू झालं. एक संगणक दुसऱ्याला टेलिफोन लावायचा, साठलेले संदेश द्यायचा आणि घ्यायचा. दुसरा तिसऱ्याला लावायचा. संदेश विषयवार ग्रुपांत जात. सुरुवातीला बहुतेक ग्रुपांची नावं ‘नेट’पासून सुरू होत: नेट.जोक्स, नेट.कुक्स, नेट.सिंगल्स. शिवाय एक नेट.जनरल होता, म्हणजे ज्याला कुठे जायचं ते कळत नाही त्याची सोय. साहजिकच तिथे गर्दी झाली.

ग्रुप वाढत गेले तशी एका ओळीतली ही नावं पुरेनात. १९८६ ते १९८७ या काळात यूजनेटचं सरसकट नामांतर झालं. इतिहासात ते ‘ग्रेट रीनेमिंग’ म्हणून नोंदलेलं आहे, आणि नामांतर म्हटलं की काय होतं हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. सात कप्पे ठरले. संगणकांसाठी कॉम्प, विज्ञानासाठी साय, छंद-करमणुकीसाठी रेक, समाजासाठी सॉक, यूजनेटच्या स्वतःच्या कारभारासाठी न्यूज, कुठेच न बसणाऱ्यांसाठी मिस्क आणि सातवा टॉक. धर्म, राजकारण, गर्भपात असे ज्यांवर कोणी कोणाचं ऐकत नाही ते विषय टॉकमध्ये गेले.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, केवढी ही ग्रंथपालाची दृष्टी! प्रत्यक्षात त्यामागे खर्चाचा हिशेब होता. संदेश अटलांटिकपलीकडे न्यायला पैसे पडत, आणि धर्मावरच्या अखंड भांडणाचा भार आपण का सोसायचा, असं युरोपातल्या मंडळींचं म्हणणं होतं. सगळी भांडणं एका नावाखाली आणली की ज्याला नको त्याने तो आख्खा कप्पाच घ्यायचा नाही. वाचकाला चर्चा सापडावी हा एक हेतू होताच, पण ती चुकवता यावी हा दुसरा हेतू तितकाच जोरकस होता. चर्चेची वर्गवारी करणारे हा दुसरा हेतू सहसा उघड बोलून दाखवत नाहीत.

हे ठरवलं कोणी? ज्यांचे संगणक या जाळ्याचा कणा होते त्या थोड्या व्यवस्थापकांनी. जीन स्पॅफर्ड आणि रिक अ‍ॅडम्स ही त्यांतली ठळक नावं. लोक त्यांना ‘बॅकबोन कॅबाल’, म्हणजे कण्याचं कारस्थानी मंडळ म्हणत. ‘असं कुठलंही मंडळ अस्तित्वात नाही’ हा त्यावरचा यूजनेटवरचा कायमचा विनोद. आपल्याकडे ‘कमिटीत कसलेही गट नाहीत’ हे वाक्य मात्र गंभीर चेहऱ्याने म्हटलं जातं.

बंडाला तोंड फुटलं ते स्वयंपाकघरातून. ब्रायन रीड पाककृतींचा एक ग्रुप चालवत. नव्या व्यवस्थेत त्याला मिळालेलं नाव त्यांना रुचलं नाही. जॉन गिलमोर यांना अमली पदार्थांवरच्या चर्चेला जागा हवी होती आणि ती मिळेना. मे १९८७मध्ये हे दोघे आणि गॉर्डन मॉफेट कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यू इथल्या एका खाणावळीत बसले आणि त्यांनी कोणाचीही परवानगी न लागणारा एक आठवा कप्पा काढायचं ठरवलं: ऑल्ट, म्हणजे पर्यायी. पुढच्या वर्षी लैंगिकतेवरच्या ग्रुपला अधिकृत कप्प्यांत जागा नाकारली गेली, तेव्हा रीड यांनी ऑल्ट.सेक्स काढला. ऑल्ट.ड्रग्ज आधीच होता. मग कलेच्या दृष्टीने त्रिकुट अपुरं राहू नये म्हणून त्यांनी ऑल्ट.रॉक-एन-रोलही काढून टाकला.

अधिकृत कप्प्यांत नवा ग्रुप हवा असला तर आधी चर्चा, मग मतदान होई. विरोधापेक्षा किमान १०० मतं जास्त लागत आणि एकूण मतांत दोन तृतीयांश बाजूने लागत. ऑल्टमध्ये असलं काही नव्हतं. परिणामी तिथे मपेट्स या बाहुल्यांमधल्या स्वीडिश आचाऱ्याच्या बडबडीला वाहिलेला ‘ऑल्ट.स्वीडिश.शेफ.बॉर्क.बॉर्क.बॉर्क’ नावाचा ग्रुपही सुखाने नांदला.

मराठी माणूस सरळमार्गी, तो सॉकच्या दाराने आला. सॉक.कल्चर.इंडियन.मराठी: समाज, संस्कृती, भारत अशा तीन पायऱ्या उतरल्यावर मराठी. तिथे रोमन लिपीत मराठी टंकली जाई. ‘kaay mhaNataa’ असं लिहिल्यामुळे ‘काय म्हणता’ असा सरळ प्रश्नही तिथे आधी उलगडावा लागे.

कप्प्यांपेक्षाही यूजनेटची मोठी देणगी म्हणजे प्रत्येक संदेशाला असलेली विषयाची ओळ आणि कोणतं उत्तर कोणत्या संदेशाला आहे याची नोंद. त्यामुळे वाचणाऱ्याला संभाषणाचं झाड दिसे. नको ती फांदी वगळता येई. बोलताबोलता विषय भरकटला तर ओळ बदलायची आणि कंसात जुना विषय लिहायचा असा शिष्टाचार होता. ही सोय एखाद्या पुणेरी सोसायटीला मिळाली असती तर ‘पाण्याचा टँकर (पूर्वीचा विषय: गणपतीची वर्गणी)’ असे संदेश दिसले असते आणि भरकटणंही किमान कागदोपत्री राहिलं असतं.

शिष्टाचार शिकवावा लागतो, ही त्यातली गोम. अमेरिकेत कॉलेजं सप्टेंबरमध्ये उघडतात. दर सप्टेंबरला नवे विद्यार्थी यूजनेटवर येत, भलत्या ग्रुपात भलतं विचारत, टपल्या खात आणि ऑक्टोबरपर्यंत सुधारत. १९९३च्या सुमारास इंटरनेट विकणाऱ्या कंपन्यांनी घरोघरच्या गिऱ्हाइकांना दार उघडायला सुरुवात केली, नवख्यांचा ओघ बारमाही झाला, आणि तो सप्टेंबर कधी संपलाच नाही असं जुने लोक अजून म्हणतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर तर ही विषयाची ओळच नाही. २५६ माणसांचा ग्रुप २०२२मध्ये आधी ५१२चा आणि मग १०२४चा झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात अनेक ग्रुप एका छत्राखाली आणणारी ‘कम्युनिटी’ आली आणि प्रत्येक सोसायटीतल्या आयटीवाल्या सभासदाला आपलं जीवितकार्य सापडलं. तो एका रविवारी बसून सूचना, पाणी, पार्किंग, उत्सव, खरेदी-विक्री आणि गप्पा असे सहा ग्रुप काढतो. सोमवारी सकाळी टँकर येतो आणि नेमका पार्किंगमध्ये उभा राहतो. आता तक्रार कुठे टाकायची? सभासद शहाणा असतो, तो पाणी, पार्किंग आणि गप्पा अशा तिन्हीकडे टाकतो. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा सूर्योदय आणि सुविचार सहाही ग्रुपांत टाकतात, कारण भेदभाव त्यांच्या स्वभावात नाही. कोणाच्या तरी सासऱ्यांचं निधन खरेदी-विक्रीत कळवलं जातं, आणि वर कपाटाची जाहिरात असल्यामुळे ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या खालोखाल ‘अजून आहे का?’ असा प्रश्न येतो.

अ‍ॅडमिनने काय करावं? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात म्हटलं की सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी अ‍ॅडमिनला केवळ अ‍ॅडमिन म्हणून जबाबदार धरता येणार नाही. माणूस घेणं किंवा काढणं एवढाच त्याचा मर्यादित अधिकार. पुढच्या वर्षी दुसऱ्याचा संदेश पुसण्याचीही सोय त्याला मिळाली. पण ज्यांच्या मुलाच्या मुंजीला आपण जेवलो त्यांचा संदेश पुसायचा कसा, याचं बटण अजून निघालेलं नाही. आता संदेश वर टाचूनही ठेवता येतो, जास्तीत जास्त ३० दिवस. गळतीची तक्रार तेवढ्यात मिटेल असा ज्याचा अंदाज आहे, तो सोसायटीत राहिलेला नसावा.

माणूस ग्रुपच्या नावाकडे पाहून बोलत नाही, ऐकणारे कुठे आहेत ते पाहून बोलतो. त्यामुळे सहा ग्रुप काढणाऱ्याने चार बंद केले तरी काही बिघडत नाही. एक सूचनांचा, जिथे फक्त अ‍ॅडमिन लिहितो आणि लाईट कधी जाणार ते कळतं. दुसरा खुला. त्यात संदेशाच्या सुरुवातीला ‘पाणी’ किंवा ‘लिफ्ट’ एवढा एक शब्द आणि फ्लॅटचा नंबर लिहिण्याची सवय लागली तर सहा महिन्यांनी शोधताना प्लंबरचा नंबर तरी सापडतो. तिसरा ग्रुप कमिटीने काढायचा नसतोच; तो आपोआप निघतो, सेक्रेटरींना वगळून. कमिटीतल्या एकाला मात्र त्यात गुपचूप घ्यावं लागतं, कारण टँकर किती वाजता येणार ते त्यालाच ठाऊक असतं.