यंत्रधारी पायाळू

पायाळू माणसाला जमिनीखालचे गुप्तधन दिसते, अशी जुनी समजूत आहे. धातुशोधक यंत्र घेऊन बागेत फिरणारा हौशी हा त्याच घराण्यातला; मात्र हा जन्माने पायाळू नसून हप्त्यांनी झालेला असतो. जुन्या पायाळूला विजेचे भय असे, याला बॅटरी उतरण्याचे. कानांवर हेडफोन, हातात दांड्याला बसवलेली चकती, कमरेला खुरपे आणि चाल अशी, की फेऱ्या मारणारी पेन्शनर मंडळीही त्याला मागे टाकतात. भारतात ही जमात विरळ असल्याने लोक त्याला पाण्याची गळती शोधणारा कर्मचारी समजतात. म्हैसुरात दसऱ्याच्या दिवसांत मात्र तो बॉम्बशोधक पथकाचा वाटतो आणि बाकडी भराभर रिकामी होतात. म्हणून दसरा होईपर्यंत यंत्र घरात ठेवावे, हा म्हैसूरच्या नजरबाद मोहल्ल्यापुरता पहिला शिष्टाचार.

नजरबाद या हौशीला भुरळ घालते, यात नवल नाही. टिपूने म्हैसूरचा जुना किल्ला पाडून १७८७ च्या सुमारास त्याच्याच दगडांनी इथे नवा उभारायला घेतला. तो पुरा झालाच नाही. १७९९ मध्ये टिपू पडला, वोडेयरांचा किल्ला पुन्हा बांधायला निघाला आणि तेच दगड परत नेण्यात आले. उचललेली वस्तू जागच्या जागी ठेवण्याचा एवढा मोठा धडा क्वचितच कुठल्या मोहल्ल्याला मिळाला असेल. हौशीला त्यातले फक्त ‘टिपू’ ऐकू येते. टिपूच्या काळात म्हैसूरच्या टांकसाळीचे नाव नाण्यांवर ‘नजरबार’ असे पडे. हत्तीचे चित्र असलेला तसा तांब्याचा पैसा आपल्याच पायाखाली आहे, याबद्दल त्याची खात्री असते. हौशी मराठी असला तर १७९१-९२ च्या श्रीरंगपट्टण मोहिमेवर आलेल्या परशुरामभाऊ पटवर्धनांच्या शिलेदारांच्या कनवटी तो इथेच सैल करतो. फौज या बाजूला फिरकली होती का, हा प्रश्न त्याच्या मते पुस्तकी लोकांचा.

यंत्राला इतिहास येत नाही. चकतीतल्या वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह जातो, त्याच्या चुंबकीय क्षेत्रामुळे जमिनीतल्या धातूत प्रवाह उमटतात आणि त्यांचा प्रतिसाद कानात सूर होऊन येतो. सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी आणि सोन्याची नाजूक अंगठी जवळजवळ एकाच सुरात बोलतात. उलट हल्लीचा रुपया पोलादी असल्यामुळे, लोखंड वगळायची सोय चालू केली की यंत्र बहुधा त्याला खिळ्यामोळ्यांत जमा करते. सकाळभराची कमाई म्हणजे सोड्याची बुचे. आणि बुचासाठीही भोक पाडावेच लागते, म्हणून भोक कसे पाडावे याला शास्त्र आहे.

आधी परवानगी, तीही बाग ज्या खात्याची त्याची, लेखी. वॉचमनने मान हलवली ही परवानगी नव्हे. तो मान कोणासाठीही हलवतो. मग हिरवळ तीन बाजूंनी कापायची, चौथी बाजू मुळांसकट जोडलेली ठेवायची आणि मसाला डोशाची घडी उघडावी तसा तो तुकडा अलगद उलटायचा. निघालेली माती गवतावर न टाकता जुन्या टॉवेलवर घ्यायची. वीतभर खोलीत काही हाती लागले नाही, तर ती वस्तू पुढच्या पिढीची समजावी. माती परत भरायची, घडी मिटायची, पायाने दाबायची आणि बाटलीतले पाणी पिण्याआधी तिथे ओतायचे. झाडाच्या मुळांशी, फवाऱ्याच्या नळांजवळ आणि लेकरांच्या घसरगुंडीखाली खुरपे चालवायचे नाही. हे नियम बहुतेक इंग्लंडातल्या ओल्या कुरणांवर घडले. म्हैसूरच्या लाल मातीत एप्रिलमध्ये कापलेली हिरवळ पुन्हा धरत नाही, तेव्हा उन्हाळाभर नुसते चालावे. तब्येतीला तेही बरे. निघालेली बुचे आणि पन्न्या पुन्हा पुरणारा हौशी मात्र या जमातीतही वाळीत टाकण्याच्या लायकीचा.

खणणे दिवसाउजेडीच. कर्नाटकात ‘निधी’साठी जुनी देवळे रात्री उकरणाऱ्या टोळ्यांमुळे खुरपेवाल्याकडे पोलीस सहजच संशयाने पाहतात. त्यामुळे पिशवीत लिंबू नसावे, सरबतासाठीसुद्धा. श्रीरंगपट्टण जेमतेम पंधरा किलोमीटरवर असले, तरी तिथल्या संरक्षित अवशेषांत खोदणे हा छंद नव्हे, गुन्हा आहे.

खरोखरच काही सापडले तर? १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्याने दहा रुपयांहून अधिक किमतीची पुरलेली वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवणे बंधनकारक केले. न कळवल्यास वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. पुढे म्हैसूर राज्याने १९६२ साली स्वतःचा कायदा केला. जुन्या कायद्यातल्या शब्दांकडे पाहता, हौशीला वरचेवर सापडणारे दहाचे नाणे मर्यादेच्या काठावर नेमके बसते आणि अर्ज वाचतो. शंभर वर्षांहून जुने नाणे मात्र १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते. ते घासून चकाकवणे हा हौशीचा आवडता अपराध, आणि त्याने नाण्याचे मोलही जाते. सापडलेली जागा, खोली आणि तारीख लिहून ठेवावी. हत्तीचा पैसा कुठून निघाला हे माहीत नसेल, तर अभ्यासकाला तो मुका.

‘एनु सिक्तू, सार?’ (काय सापडलं, साहेब?) या प्रत्येक वॉकरच्या प्रश्नाला हसून उत्तर देणे हाही शिष्टाचारच. बूच दाखवावे, गर्दी आपोआप पांगते. समाजाला या माणसाची खरी गरज पडते ती कोणाची अंगठी गवतात हरवली म्हणजे. अशा वेळी मोबदला घेऊ नये, फिल्टर कॉफी घ्यावी. अंगठी साखरपुड्याची असेल आणि मालक घाबरून इकडेतिकडे पाहत असेल, तर ती कोणत्या बाकाखाली आणि कोणाच्या शेजारी सापडली, हे त्याच्या घरच्यांना सांगू नये.