दारातला खांब कोणाचा?

सात-बारा तुमचा, खांब कंपनीचा आणि जिवाला घोर पुन्हा तुमच्याच. दारात विजेचा खांब असलेल्या घरांची महाराष्ट्रात सर्रास हीच गत आहे. खांबावर सर्व्हिस वायरींचं जंजाळ, त्यात केबलवाल्याची वेटोळी, वर कुणा दादांच्या वाढदिवसाचा फलक आणि बुंध्याशी बांधलेली म्हैस. वापरायला सगळी आळी, बघायला कोणी नाही.

खांबाहून जास्त दुर्लक्ष होतं ते त्याच्या ताणाकडे. लाईन जिथे वळते किंवा संपते, तिथे खांब ओढला जाऊन कलू नये म्हणून मागच्या बाजूला जमिनीत गाडलेली ती तिरपी तार. नेमकी ती आपल्या कुंपणाच्या आत येते आणि कपडे वाळत घालायला सोयीची वाटते. एकदा मान वर करून बघा. त्या तारेत मध्येच चिनी मातीचा एक लंबगोल इन्सुलेटर असतो. वरची विजेची तार सुटून ताणाला टेकली, तरी वीज खाली उतरू नये म्हणून तो असतो. ताणाला आर्थिंग नसेल, तर हा इन्सुलेटर जमिनीपासून किमान ३ मीटर उंचीवर हवा, असा नियम आहे. इन्सुलेटर फुटलेला, आर्थिंगची तार गंजून तुटलेली आणि त्याच ताणावर ओली चादर टाकणारी घरातली बाई. पावसाळ्यात माणसं अशी जातात. पेपरात शॉक लागून मृत्यू, एवढ्या दोन ओळी येतात आणि आळी पुन्हा त्याच ताणावर कपडे वाळत घालते.

हे असं असताना आपण चर्चा कशाची करतो? व्हॉट्सॲपवरच्या मेसेजची. शेतात डीपी किंवा खांब असेल तर वीज कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे दरमहा दोन ते पाच हजार रुपये मिळतात म्हणे. अर्ज घेऊन लोक कंपनीच्या ऑफिसात जातात आणि हात हलवत परत येतात. २००३ च्या वीज कायद्यातलं कलम ५७ आहे सेवेच्या दर्जाबद्दल. ठरलेल्या दर्जाची सेवा दिली नाही तर ग्राहकाला भरपाई, एवढंच त्यात आहे. खांबाच्या भाड्याचा त्यात शब्द नाही. खोटा मेसेज पुढे ढकलणाऱ्याने शेतकऱ्याची फेरी वाया घालवली आणि खरा हक्क झाकून ठेवला.

खरा हक्क आहे कलम ६७ मध्ये. लाईनचं काम करताना कंपनीने कमीत कमी नुकसान करायचं आणि जे नुकसान, जी गैरसोय होईल तिची पूर्ण भरपाई द्यायची. २००६ च्या केंद्राच्या नियमांनुसार तुमच्या जागेत खांब रोवण्याआधी तुमची संमती लागते. तुम्ही हरकत घेतली तर कंपनीला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची किंवा पोलीस आयुक्तांची लेखी परवानगी आणावी लागते. भरपाई किंवा वार्षिक भाडं ठरवण्याचा अधिकारही त्यांनाच आहे. कलम १६४ खाली सरकारने कंपनीला खास अधिकार दिले असतील तर संमतीची अट उरत नाही, पण भरपाई तरीही टळत नाही. म्हणून हरकत घ्यायची ती खड्डा खणला जातो त्या दिवशी, लेखी. वीस वर्षांनी जमीन विकायला काढल्यावर नव्हे.

आता दुसरी बाजू. साध्या घरगुती लाईनची तार छपरावरून जात असेल तर किमान २.५ मीटर आणि बाजूने जात असेल तर १.२ मीटर अंतर हवं. ११ केव्हीची तार छपरावरून असेल तर ३.७ मीटर. लाईन आधीची असेल आणि मजला नंतर चढवायचा असेल, तर कंपनीला आधी लेखी कळवणं आणि लाईन हलवण्याचा खर्च भरणं मालकाचं काम आहे. आपल्याकडे उलटं चालतं. आधी सज्जा तारेपर्यंत न्यायचा, मग तारेला प्लास्टिकचा पाइप घालायचा आणि संक्रांतीला त्याच गच्चीवर पोरांना पतंग उडवायला सोडायचं. हा गुन्हा कंपनीच्या माथी मारता येणार नाही.

पण म्हणून कंपनीने अंग काढून घ्यावं, हेही चालणार नाही. मध्य प्रदेशात रस्त्यावरच्या पावसाच्या पाण्यात पडलेल्या जिवंत तारेने सायकलवरून घरी निघालेल्या एका कामगाराचा जीव घेतला. तिथल्या वीज मंडळाचं म्हणणं होतं, वीज चोरणाऱ्याने तार ओढली, आमचा काय दोष? सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ते झिडकारलं. इतकी धोकादायक वस्तू जो पुरवतो, त्याची जबाबदारी चूक सिद्ध होण्यावर अवलंबून नाही, असा तो निकाल. आकडे टाकणाऱ्यांकडे बोट दाखवणाऱ्या प्रत्येक साहेबाने तो टेबलाच्या काचेखाली ठेवावा.

आणि आपण? ओळखीच्या वायरमनला चहा पाजून काम होईल, या भरवशावर बसू नका. मे महिन्यातच अर्ज द्या. खांब गंजलाय, तार लोंबतेय, इन्सुलेटर फुटलाय, जे असेल ते फोटोसकट लिहा आणि पोच घ्या. तार तुटली तर जवळ जाऊ नका, १९१२ ला फोन लावा. दाद मिळाली नाही तर विद्युत निरीक्षकाकडे जा. तो कंपनीचा नोकर नाही, सरकारचा अधिकारी आहे. आणि म्हशीचं दावं आजच्या आज खांबावरून सोडा.