पुढे ऐतिहासिक वळण आहे

मुंबई-गोवा महामार्गाला लोक उगाच शिव्या घालतात. पनवेल ते इंदापूर या टप्प्याच्या चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं. तेव्हापासून गाडी अशा बेताच्या चालीनं जाते की रस्त्याकडेची प्रत्येक पाटी काना-मात्रेसकट वाचून होते. वाचनसंस्कृतीसाठी इतकं झिजलेला दुसरा रस्ता माझ्या पाहण्यात नाही.

अडचण एवढीच, की वाचायला मिळतं ते बहुतेक वर्तमानकाळातलं. पेणजवळ 'शाडूच्या सुबक मूर्ती', वडखळकडे पांढरा कांदा आणि पोह्याचे पापड, आणि मधूनमधून कुणा भाऊंचा वाढदिवस. 'काम चालू आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व' ही पाटी मात्र मी इतिहासातच धरतो. तिनं आणखी थोडी कळ काढली तर तिच्याभोवतीही लोखंडी कुंपण येईल आणि आत जायला तिकीट लागेल.

खरा इतिहास आहे तो रस्त्यापासून आत, आणि तिथे पोचायचं तर माणसांना विचारावं लागतं. पेण तालुक्यातलं गागोदे हे विनोबा भावे यांचं जन्मगाव. ११ सप्टेंबर १८९५ चा त्यांचा जन्म. एका टपरीवर मी रस्ता विचारला.

"कोणाकडे जायचंय?" टपरीवाल्या काकांचा प्रश्न. कोकणात गाव विचारलं की आधी घर सांगावं लागतं.

"विनोबांकडे," मी म्हणालो.

"ते आता तिथे नसतात," काका शांतपणे म्हणाले आणि चहा गाळू लागले.

माहिती अचूक होती. विनोबा लहानपणीच बडोद्याला गेले आणि पुढे १९५१ पासून तेरा वर्षं भूदानासाठी देशभर पायी हिंडले. अशा माणसाच्या गावाला आपण गाडी करून जातो आणि वर कंबर धरली म्हणून कुरकुरतो.

नागोठण्याला अंबा नदीवर सोळाव्या शतकातला दगडी पूल आहे. तो अजून उभा आहे, एवढंच सांगून मी पुढे जातो. कुणा कंत्राटदाराच्या भावना दुखावायची इच्छा नाही.

रोह्याला चिंतामणराव देशमुखांची आठवण निघाल्याशिवाय राहत नाही. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, पण घराणं रोह्याचं. १९१२ च्या मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावणारा हा मुलगा १९४३ साली रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला. पुढे केंद्रात अर्थमंत्री झाल्यावर मुंबईच्या प्रश्नावरून १९५६ साली राजीनामा देऊन मोकळा झाला. मधल्या काळात मेघदूताचा मराठी पद्यानुवादही केला. रोह्यात त्यांच्या नावाचं महाविद्यालय आहे. पण ज्याची सही देशातल्या नोटांवर छापली जात होती, त्याला वेगळी कोनशिला हवी कशाला? एके काळी प्रत्येक खिशात त्याचं स्मारक होतं. ज्याच्या खिशात नव्हतं, त्याचं दुःख वेगळं.

स्वाध्याय परिवाराचे पांडुरंगशास्त्री आठवले हेही रोह्याचेच, जन्म १९२०. आणि रोह्याचं ग्रामदैवत धावीर महाराज. उत्सवात त्यांना पोलिस बंदूकधारी मानवंदना देतात. एरवी पोलिसानं हात वर केला की आपण लायसन शोधायला लागतो, त्यामुळे हे दृश्य विशेष सुखावतं.

जुन्या लोकांना पाटी लावायची कला होती, हे मान्य करायला हवं. रोह्याजवळच्या अवचितगडावर बुरुजात एक लेख आहे. देवाचं नाव आणि तिथी: शके १७१८, चैत्र शुद्ध प्रतिपदा. म्हणजे १७९६ चा गुढीपाडवा. प्रमुख पाहुणे नाहीत, कार्यसम्राट नाहीत. अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख तर मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत गणला जातो. शके ९३४, म्हणजे १०१२ साल. काही अभ्यासक त्याला बराच अलीकडचा मानतात. हा लेख कित्येक वर्षं रस्त्याकडेला उघड्यावर ऊन-पाऊस खात उभा होता. त्यात आहे काय? शिलाहार राजा केशीदेवाच्या प्रधानानं महालक्ष्मीला धान्य लावून दिल्याची नोंद. सुरुवात जगाला सुख चिंतून. थोडक्यात, मराठीचा आरंभ काव्यानं वगैरे नव्हे, शासन निर्णयानं झाला. आक्षीला गद्धेगाळही आहे: दान मोडणाऱ्याला गाढवाची सचित्र शिवी. अंमलबजावणीची ही तरतूद हल्लीच्या निर्णयांतून का वगळली, कळत नाही. निविदेच्या शेवटच्या पानावर नुसतं गाढव छापलं तरी कामं वेळेत होतील असं मला वाटतं.

हल्लीच्या कोनशिलेची तऱ्हा निराळी. वर उद्घाटक, मग अध्यक्ष, मग 'यांच्या विशेष प्रयत्नातून', मग उपस्थितांची उतरंड. ज्याचं स्मारक आहे तो संगमरवर उरला तर तळाशी. काही वर्षांनी अक्षरांतला काळा रंग उडतो आणि सगळेच समान होतात.

तर पेण-रोह्याच्या मंडळींना माझी एक विनंती आहे. विनोबांना १९५८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, देशमुखांना १९५९ साली आणि पांडुरंगशास्त्रींना १९९६ साली. शेजारशेजारच्या दोन तालुक्यांतली ही तीन माणसं. एवढ्याशा टापूत तीन मॅगसेसे, हे सांगणारी एक मोठी पाटी महामार्गावर लावा. जागा जिथे सगळ्यात खोल खड्डा असेल तिथे निवडा, म्हणजे ती वाचली जाईल. वर्गणी मी देतो. उद्घाटकाचं नाव मात्र पाटीच्या मागच्या बाजूला घाला.