विंचवाचं बिऱ्हाड, चाळीस फूट

बॉबला ‘घर कुठलं?’ असं विचारू नये. विचारलंच, तर बसायची तयारी ठेवावी. कायद्याने तो साउथ डकोटाचा. तिथे त्याची जमीन नाही, घर नाही, सोयरंधायरं नाही. एका कॅम्पग्राउंडवर एक रात्र झोपल्याची पावती आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या कंपनीचा पत्ता, एवढ्या भांडवलावर त्या राज्याने त्याला ड्रायव्हिंग लायसन्स देऊन टाकलं. तिथे राज्याचा आयकर नाही, हे कारण तो सगळ्यात शेवटी आणि जरा हळू आवाजात सांगतो. दात मात्र मेक्सिकोचे. युमाजवळ गाडी लावायची, चालत सरहद्द ओलांडायची आणि लॉस अल्गोडोनेस नावाच्या गल्लोगल्ली दवाखाने असलेल्या गावातून स्वस्तातली कवळी बसवून यायचं. नातवंडं ओहायोत. आणि स्वतः बॉब आत्ता ॲरिझोनात, क्वार्ट्झसाइटच्या माळावर, चाळीस फुटी मोटारहोमच्या सावलीत हाफ पँटवर बसलेला.

बॉब कुणा एकाचं नाव नाही. फिनिक्सहून लॉस एंजेलिसच्या रस्त्याला लागलं, की कॅलिफोर्नियाची हद्द यायच्या थोडं आधी क्वार्ट्झसाइट हे गाव लागतं. एरवी तिथे चार पेट्रोल पंप आणि धूळ. थंडी सुरू झाली, की उत्तरेकडून बॉब यायला लागतात आणि जानेवारीत माळावर नजर जाईल तिथवर बॉबच बॉब. घरदार विकून बाराही महिने गाडीत राहणारी ही जमात स्वतःला ‘फुल-टायमर’ म्हणवते. सरकारी माळावर चौदा दिवस फुकट राहता येतं. मग पंचवीस मैल तरी पलीकडे सरकावं लागतं. एवढाही उपद्व्याप नको असेल, तर ला पोसाच्या माळावर 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल खुशाल तळ ठोकावा. तिथलं हंगामाचं भाडं वर्षानुवर्षं 180 डॉलर होतं. सात महिन्यांचं! हा आकडा मी पुण्यातल्या माझ्या मामांना सांगितला, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला, ‘‘पाणी किती वेळ येतं?’’

मामांनी नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं. पाणी येत नाही, आणावं लागतं. आणि आणलेलं पाणी पुन्हा कुठेतरी नेऊन ओतावं लागतं. बॉबच्या गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात: एक चांगल्या पाण्याची, एक मोरीची आणि एक संडासाची. त्याचं उरलेलं आयुष्य या तिघींच्या मर्जीवर चालतं. टाकी किती भरली ते दाखवणारे दिवे भिंतीवर असतात खरे, पण ते कधी खरं बोलत नाहीत. आदल्या दिवशी टाकी धुऊन आणली, तरी दिवा ‘दोन तृतीयांश’ सांगतो. मग बॉब विजेरी घेऊन संडासाच्या भोकातून आत डोकावतो. या माणसाने तीस वर्षं विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर काढलेली असतात.

टाकी रिकामी करण्याचंही शास्त्र आहे. रबरी हातमोजे चढवायचे, नळी जोडायची, आधी संडासाची टाकी सोडायची आणि मागून मोरीची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. क्रम चुकणाऱ्याला बॉब माफ करत नाही. एखादा नवखा तिथे चाचपडताना दिसला, की रांगेतल्या चार गाड्यांमधून चार बॉब उतरतात आणि पाच सल्ले देतात.

घर का विकलं, असं विचारा. ‘‘शेजाऱ्यांचा वैताग!’’ हे ठरलेलं उत्तर. गवत कापलं नाही म्हणून तक्रार, कचऱ्याचा डबा आत घेतला नाही म्हणून चिठ्ठी. म्हणून हा मोकळ्या आभाळाखाली आला. चहूकडे मैलोन्‌मैल रिकामा माळ. तिथे याने गाडी कुठे लावली? दुसऱ्या बॉबच्या दाराला दार लावून. चार वाजले, की खुर्च्यांचं रिंगण पडतं, आपापला पेला आपण आणायचा, आणि आमच्या गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीला लाजवील अशा चौकशा सुरू होतात. नवीन आलेल्याची बॅटरी लिथियमची की जुनी, छतावर सोलरचे पत्रे किती, रात्री जनरेटर कोण लावतं, बायकोचं आणि त्याचं कालपासून बोलणं का बंद आहे. कुत्र्यांची नावं सगळ्यांना पाठ; माणसांची आडनावं कुणालाच ठाऊक नसतात. मी एकदा डबाभर पोह्यांचा चिवडा फिरवला. बॉबने शेंगदाणे वेचून खाल्ले, कढीपत्ता कुत्र्याला दिला आणि पाककृती मागून घेतली.

बायकोशी अबोला बहुधा गाडी मागे घेण्यावरून असतो. भाड्याच्या कॅम्पग्राउंडवर चाळीस फुटी धूड दोन झाडांच्या मध्ये उलटं घालायचं, हा तिथला संध्याकाळचा मोफत तमाशा. मागे उभी राहून ती हातवारे करते. आरशात तिचा एकच हात दिसतो. ‘‘डावीकडे!’’ कुणाच्या डावीकडे, यावर खिडकीतून वाद. तोवर आजूबाजूचे लोक खुर्च्या वळवून बसलेले असतात. मदतीला कुणी उठत नाही. त्यांचा दिवसही असाच झालेला असतो.

पण बॅटरी बसली, टायर फुटला, की हाच बॉब न बोलावता हत्यारांची पेटी घेऊन हजर होतो आणि काम झाल्यावर पैशाचं नाव काढू देत नाही. रिंगणात सगळ्यांचीच पेन्शन भरभक्कम नसते. कुणा बाईची जुनी व्हॅन हौसेची नसून घरभाडं परवडेना म्हणून घेतलेली असते. उन्हाळ्यात ती बाई एखाद्या कॅम्पग्राउंडचे संडास धुते. 2021 साली ऑस्कर मिळालेला ‘नोमॅडलँड’ हा सिनेमा अशांचाच, आणि त्यात हे क्वार्ट्झसाइटही आहे. बॉबला तो सिनेमा आवडत नाही. तरी त्या बाईची पाण्याची टाकी भरून आणायला तोच जातो आणि ‘मला तिकडे काम होतंच’ अशी थाप मारतो.

या गावाचं दैवतही फिरस्ताच. अमेरिकी सैन्याने 1850 च्या दशकात वाळवंटात ओझी वाहायला उंट आणून पाहिले, त्यांच्याबरोबर हाजी अली नावाचा उंटवाला आला. इथल्या लोकांनी त्याचं ‘हाय जॉली’ करून टाकलं. उंटांचा बेत फसला, हा मात्र इथेच राहिला आणि 1902 साली इथेच वारला. त्याच्या थडग्यावर दगडी पिरॅमिड आहे आणि वर धातूचा उंट. बॉब प्रत्येक पाहुण्याला तिथे नेतो, उंटाकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, ‘‘याला डिझेल लागत नव्हतं.’’ त्याची गाडी एका गॅलनला आठ-नऊ मैल जाते.

हातपाय थकल्यावर काय करायचं, हे त्याने ठरवून ठेवलंय. टेक्सासमध्ये लिव्हिंग्स्टनला फुल-टायमरांच्या जुन्या क्लबाने सोय केली आहे: गाडी तिथे कायमची लावायची, राहायचं आपल्याच गाडीत, जेवण आणि देखभाल क्लबाकडे. ‘‘अजून वेळ आहे,’’ असं म्हणून बॉब टायरला लाथ मारून हवा तपासतो.

त्याला भेटायचं असेल, तर जानेवारीत जा आणि आपली खुर्ची घेऊन जा. जुलैत पारा अनेकदा 43 च्या वर जातो, तेव्हा तिथे एकही बॉब सापडणार नाही.