दिनचर्येची वर्षचर्या

दिनचर्या म्हणजे निरोगी माणसाने पहाटे उठल्यापासून रात्री आडवे होईपर्यंत काय काय करावे, याचा आयुर्वेदाने घालून दिलेला क्रम. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय याच नावाचा आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा कारभार पाहणाऱ्या हेमाद्रीने (हेमाडपंती देवळांना ज्याचे नाव चिकटले तोच) या ग्रंथावर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. त्याच हेमाद्रीच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’त व्रतांचा एक भला थोरला खंड आहे. दिनचर्या रोज करायची असते, व्रत तिथी आली की करायचे असते. दोन्ही पुस्तके समोर असताना मराठी माणसाने कोणते उचलले, हे कालनिर्णय टांगलेल्या कोणत्याही भिंतीकडे पाहून कळते.

क्रमाची सुरुवात ब्राह्ममुहूर्ताने होते. दिवसरात्रीचे मुहूर्त ३०, म्हणजे एक मुहूर्त ४८ मिनिटांचा. रात्रीचा शेवटून दुसरा तो ब्राह्म. तो सूर्योदयाच्या ९६ मिनिटे आधी लागतो. मुंबईत मे महिन्याच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, त्या हिशेबाने उठण्याची वेळ चार चोवीस. हा नियम निरोगी माणसासाठी आहे, असे ग्रंथातच म्हटले आहे. चार चोवीसला स्वतःला पूर्ण निरोगी समजणारा माणूस सहसा आढळत नाही, त्यामुळे नियमाचा भंगही होत नाही.

मग दंतधावन. काडी बारा अंगुळे, म्हणजे वीतभर लांब, करंगळीएवढी जाड आणि सरळ असावी. चवीला कडू, तुरट किंवा तिखट असावी. कडूंमध्ये सुश्रुताने कडुनिंबाला पहिला नंबर दिला आहे. महाराष्ट्रात कडुनिंबाचे सेवन गुढीपाडव्याला होते. कोवळा पाला, गूळ, हिंग, ओवा आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ एकत्र वाटून केलेली गोळी तोंडात टाकली जाते आणि पुढच्या मिनिटाला तिच्यावर श्रीखंड ढकलले जाते. कडुनिंबाचे वर्षाचे खाते तिथे बंद होते.

अंजन आणि नस्यानंतर येतो गंडूष. तोंडात तेल किंवा काढा इतका भरायचा की तो खुळखुळवता येऊ नये. खुळखुळवता आला तर त्याला कवल म्हणतात आणि तो वेगळा. डोळ्यांतून, नाकातून पाणी येईपर्यंत तो तसाच धरून ठेवायचा. ग्रंथाच्या काळी दाराला घंटी नव्हती. रक्ताचा रिपोर्ट हाती आल्यावर दिनचर्येकडे वळलेला एक डोंबिवलीकर गृहस्थ तीळतेल तोंडात धरून उभा असताना गॅसवाला आला आणि त्याने सिलिंडरचा चार आकडी कोड विचारला. बोलणे अशक्य. गृहस्थाने सात, दोन, पाच बोटांनी दाखवले. शून्यासाठी अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला. गॅसवाला ‘छानच ना साहेब, पण चौथा आकडा?’ म्हणाला. या टप्प्यावर डोळ्यांतून पाणी आले, त्यामुळे विधी शास्त्रोक्त पूर्ण झाला असे मानायला हरकत नाही. तेल मात्र बेसिनपर्यंत पोचले नाही.

क्रमात पुढे धूमपान आहे. ते ऐकून पानटपरीवरच्या मंडळींनी हुरळून जाऊ नये. तो धूर औषधी वातीचा आहे.

अभ्यंग हा साऱ्या क्रमाचा गाभा. अंगाला रोज तेल लावावे, त्यातही डोके, कान आणि तळपाय विसरू नयेत. त्याने म्हातारपण लांबणीवर पडते, शीण जातो, वात हटतो, दृष्टी निवळते, झोप लागते, कातडी चांगली राहते. एवढी आमिषे दाखवूनही कोणी रोज उठले नाही. पुढे कधीतरी एका व्यवहारी माणसाने कलम बदलले असावे: नरक चतुर्दशीला सूर्योदयापूर्वी तेल लावून जो न्हाणार नाही तो नरकात जाईल. तेव्हापासून त्या एका दिवशी पाच वाजता अख्खे घर जागे असते. आई पाटावर बसवून टाळूवर तेल थापते, उटणे खसाखसा चोळते, बाहेर कोणी फुलबाजी लावते, कोकणात तुळशीपाशी कारेटे अंगठ्याखाली फुटते. आरोग्याची हमी जे करू शकली नाही ते नरकाच्या धाकाने करून दाखवले. उटण्याची उरलेली पुडी न्हाणीघराच्या फळीवर पुढच्या दिवाळीपर्यंत असते. ती दोन्ही वर्षी तीच आहे, हे तिच्या वासावरून ओळखता येते.

व्यायाम अर्ध्या ताकदीने करावा, तोही थंडीत आणि वसंतात. एरवी त्याहून कमी. हे कलम वाचून जिमचे वर्षाचे पैसे जानेवारीत भरणाऱ्यांना मोठा दिलासा मिळतो. अति व्यायाम, अति जागरण, अति चालणे, अति हसणे आणि अति बोलणे यांनी माणूस हत्तीला ओढायला गेलेल्या सिंहासारखा नष्ट होतो, असा इशारा वाग्भटाने दिला आहे. विनोदी लेख एका बैठकीत किती वाचावेत, हेही त्यावरून ठरवावे.

स्नानात मानेखाली गरम पाणी बळ देते, तेच डोक्यावर घेतले तर केस आणि डोळे यांचे बळ घटवते. पाण्याची ही विभागणी शॉवरखाली जमत नाही; त्याला बादली आणि तांब्याच लागतो.

दुपारच्या झोपेला आयुर्वेदाची उन्हाळ्यात परवानगी आहे, इतर ऋतूंत ती कफ वाढवते. जागरण झाले असेल तर गेलेल्या झोपेच्या निम्मा वेळ झोपावे, पण सकाळी, काही खाण्याआधी. पुरणपोळीनंतरची वामकुक्षी यात कुठे बसवावी, यावर मराठी घरांत अजून चर्चा झालेली नाही, कारण चर्चेच्या वेळी सगळे झोपलेले असतात. चार चोवीसला उठणाऱ्याला तर दुपारी दोनला पर्यायच राहत नाही. रात्री दही खाऊ नये, हेही ग्रंथात स्पष्ट आहे. पण दहीभाताशिवाय जेवण संपले असे ज्यांना वाटतच नाही त्यांच्यापुढे ग्रंथाचे काही चालत नाही. ‘ताक करून घेतो’ ही पळवाट घरोघरी ठरलेली आहे.

शेवटी तळपायांचा अभ्यंग. पायाला तूप लावून काशाच्या वाटीने गोल गोल घासायचे. वाटी हळूहळू काळी पडते, डोळे मिटू लागतात आणि घासणाऱ्याचा हात थांबला की पाय नुसताच हलून पुढची सूचना देतो. आजीच्या ट्रंकेतली ही वाटी आता शहरांतल्या दुकानांत पुन्हा मिळू लागली आहे आणि खपतेही. साऱ्या दिनचर्येत एवढे एक कलम मराठी घरात विनातक्रार पाळले जाते, कारण त्यासाठी उठावे लागत नाही.