‘बसतंय, घेऊन जा’ म्हणणाऱ्या शेठना

शेठ,

‘सप्रेम नमस्कार’ लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसता नमस्कार. तुमचं नाव लिहीत नाही. वाचाल तेव्हा तुमचं तुम्हाला कळेल. पुण्याच्या तपकीर गल्लीत तुमचा काउंटर आहे आणि कराडला माझं दुरुस्तीचं टेबल. तुमच्याकडून नेलेलं चालेनासं झालं की ते एसटीने नाहीतर कुणाच्या तरी डिकीतून माझ्याकडे येतं. अठरा वर्षं येतंय. या वेळी जे आलं ते पाहून मात्र मला रात्री जेवण गेलं नाही.

आमच्या गावच्या एक ताई घरीच डीटीपी करतात. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल आणि दसऱ्यापासून दोन-तीन दिवाळी अंकांची पानं. मशीनमध्ये ८ जीबी रॅम. फोटोंची पानं उघडली की माउस अडकायचा, फाइल सेव्ह होईपर्यंत चहा उकळून व्हायचा. पैसे साठवून त्या पुण्याला आल्या आणि तुमच्याकडे १६ जीबी रॅम मागितली. तुम्ही एकच विचारलंत, “प्रोसेसर कुठला?” त्यांनी सांगितलं, आय-५, १२४००. तुम्ही म्हणालात, “बारावी पिढी ना, मग डीडीआर-५च. बसतंय, घेऊन जा.”

शेठ, इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरना डीडीआर-४ही चालते आणि डीडीआर-५ही. दोन्हींतली कुठली, ते बोर्ड ठरवतो. एच६१० चिपसेटचेच दोन बोर्ड शेजारी ठेवा, एकावर डीडीआर-४चे स्लॉट निघतील, दुसऱ्यावर डीडीआर-५चे. गोंधळ होऊ नये म्हणून कित्येक कंपन्या मॉडेलच्या नावामागे ‘डी४’ असं छापतात. ताईंच्या बोर्डावर ते छापलेलं आहे, स्लॉटपासून बोटभर अंतरावर, पांढऱ्या अक्षरांत. “बोर्डाचा फोटो आहे का?” एवढं तुमच्या तोंडून निघालं असतं तर त्यांनी उभ्या उभ्या घरी मुलाला फोन लावून तो मागवला असता. पंचवीस वर्षं धंद्यात आहात असं पाटीवर लिहिलंय ना तुम्ही? मग हा एक प्रश्न विचारायला किती वर्षं लागतात?

घरी गेल्यावर रॅम बसेना. पण तुम्ही ‘बसतंय’ म्हणाला होतात, आणि ताईंनी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवला. आपलंच काहीतरी चुकत असेल, असं वाटून त्यांनी अंगठ्याने दाबलं. मग मुलाने दाबलं.

दोन्ही पट्ट्यांची लांबी सारखीच, दोन्हींना २८८ पिना. खालच्या कडेची खाच तेवढी वेगळी. डीडीआर-५ची खाच मध्याकडे जराशी सरकलेली असते, आणि ते दोन पट्ट्या एकीवर एक धरल्याशिवाय नवख्याला कळत नाही. ती जागा मुद्दाम बदललेली आहे, भलती रॅम भलत्या स्लॉटात जाऊ नये म्हणून. आतला वीजपुरवठाही निराळा. डीडीआर-४ला लागणारे १.२ व्होल्ट बोर्ड तयार करून देतो, डीडीआर-५ १.१ व्होल्टवर चालते आणि ते सांभाळणारी चिप रॅमच्या पट्टीवरच बसवलेली असते. तेव्हा कुणी खाच कोरून ती पट्टी आत घातली तरी मशीन उठणार नाही.

भिंगाखाली मी काय पाहिलं ते सांगतो. स्लॉटच्या मधला प्लास्टिकचा खुंट अर्धा चेपून एका बाजूला कललेला. त्याच्या शेजारच्या सात-आठ सोनेरी पत्त्या, केसाएवढ्या बारीक, काही एकमेकींवर चढलेल्या, एक मुळातून तुटलेली. टोकदार चिमट्याने एकेक सरळ करत मी दुपारभर बसलो. तुटलेली पत्ती कुठून आणणार? दुसरा स्लॉट मेला तो मेलाच. चालू केलं की बोर्डावरचा ‘डीरॅम’ लिहिलेला दिवा जळत राहायचा. शेवटी जुनी ८ जीबी काढली आणि उरलेल्या एका स्लॉटात १६ जीबीची डीडीआर-४ लावून मशीन सुरू करून दिलं. दोन्ही स्लॉट शाबूत असते तर जुनी-नवी मिळून २४ जीबी झाली असती आणि दोन्ही चॅनेल चालले असते. आता १६वर भागवायचं, तेही एका चॅनेलवर. सहा दिवस ताईंचं काम बंद होतं. त्यात एका अंकाची पानं दुसऱ्याकडे गेली. दिवाळी वर्षातून एकदाच येते, शेठ.

ताई परत तुमच्याकडे आल्या, तेव्हा तुम्ही म्हणालात, “सील फोडलंय, परत होणार नाही.” सील न फोडता रॅम बसवतात कशी, ते एकदा मला दाखवा. आणि तुमचं बिल बघितलं. त्यावर लिहिलंय, ‘रॅम १६ जीबी’. डीडीआर किती, स्पीड किती, पार्ट नंबर काय, एक अक्षर नाही. असं बिल गिऱ्हाइकाच्या हातात देणं म्हणजे त्याला भांडायलाही जागा न ठेवणं.

आमच्या धंद्यातली जुनी माणसं म्हणतात, पूर्वी एवढं बघावं लागत नव्हतं. पूर्वी मेमरी कंट्रोलर बोर्डावरच्या चिपसेटमध्ये असायचा, तेव्हा बोर्ड बघितला की काम व्हायचं. पण एएमडीने तो २००३मध्ये प्रोसेसरच्या आत नेला, इंटेलने २००८मध्ये पहिल्या कोअर आय-७पासून. तेव्हापासून रॅमचा संबंध दोघांशी आहे. किती स्पीड झेपेल ते मुख्यतः प्रोसेसर सांगतो. स्लॉट कुठले, किती, जास्तीत जास्त किती जीबी, ते बोर्ड सांगतो. एकालाच विचारून रॅम देणं म्हणजे नुसत्या मुलाला बघून लग्न ठरवणं.

तुमच्याकडचा दुसरा नमुना गेल्या मे महिन्यात आला. लग्नांचे व्हिडिओ एडिट करणारा पोरगा, रायझन ५ ७६००चं मशीन. आधीच्या दोन पट्ट्या ६०००च्या. तुम्ही त्याला तशाच आणखी दोन दिल्यात, “चारही भरून टाक, रॉकेट पळेल,” म्हणून. मशीन कधी सुरूच होईना, कधी रेंडरच्या मध्यात निळा स्क्रीन. त्या प्रोसेसरसाठी एएमडीने स्वतः जाहीर केलेला आकडा बघा. दोन पट्ट्यांना ५२००, चार लावल्या तर ३६००. खोक्यावरचे ६००० म्हणजे एक्स्पो प्रोफाइल लावून मिळणारा ओव्हरक्लॉक. दोन पट्ट्यांवर तो बहुतेकदा चालतो; चारांवर चालेल असं एएमडी कुठेच म्हणत नाही. त्याच्या दोन पट्ट्या काढून ३२ जीबीचा जोड त्याला अदलाबदलीत मिळाला असता, तर त्याचं काम झालं असतं. त्या पोराने हार्डडिस्क बदलली, विंडोज तीनदा टाकलं, आणि एका नवरीच्या बापाची बोलणी खाल्ली. रॅमवर त्याचा संशय गेलाच नाही, कारण रॅम तुम्ही दिली होती.

सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड डीडीआर-४ स्वस्तात म्हणून साध्या डेस्कटॉपसाठी विकता, त्याबद्दल तर बोलायलाच नको. ती स्लॉटात अगदी बरोबर बसते आणि मशीन उठत नाही. ‘बसतंय’ हा तुमचा शब्द तिथेही खराच असतो.

म्हणून सांगतो, काउंटरवर आलेल्या माणसाला आधी बोर्डाचं पूर्ण नाव विचारा. त्याला माहीत नसेल तर विंडोजच्या शोधात ‘एमएसइन्फो३२’ टाकायला सांगा, बोर्डाचं मॉडेल समोर येतं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर गेलं की सध्याचा स्पीड आणि किती स्लॉट भरलेत तेही दिसतं. मग त्या मॉडेलचं पान उघडा. कंपनीने तपासून पाहिलेल्या रॅमची यादी तिथे असते, तिला क्यूव्हीएल म्हणतात. यादीत नसलेली रॅमही पुष्कळदा चालते, पण तेव्हा गिऱ्हाइकाला तसं तोंडावर सांगा आणि नाही चालली तर परत घ्या. २४ किंवा ४८ जीबीची नवी पट्टी देत असाल तर बायॉस अपडेट लागेल का, ते बघा. एएम५च्या मशीनमध्ये नवी रॅम टाकल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळा राहू शकतो, तेवढंही सांगितलंत तर घाबरून बटण दाबणारे किती तरी लोक वाचतील. हे सगळं मिळून पाच मिनिटांचं काम आहे. गर्दीच्या वेळी पाच मिनिटं मोठी असतात, मला कळतं. ताईंचे सहा दिवस त्याहून मोठे होते.

ताईंना मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर दिला आहे. तुमच्या बिलाचा, तुटलेल्या स्लॉटचा आणि बोर्डावरच्या ‘डी४’चा फोटो काढून ठेवला आहे. त्या बाईंना कुणाशी भांडायची हौस नाही. त्यांना रॅमचे आणि बोर्डाचे पैसे हवेत.

तुमची डीडीआर-५ची पट्टी तिच्याच खोक्यात माझ्याकडे आहे. येत्या शनिवारी सकाळी अकराला घेऊन येतो. बोर्डही आणतो आणि भिंगही. तुम्हीच बघा.

आपला,
कराडचा एक दुरुस्तीवाला