रॅमवर आळ घेण्याआधी : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ज्यांच्या घरी दहा-बारा वर्षं जुना असेंबल्ड डेस्कटॉप आहे, जो मरतही नाही आणि धड पळतही नाही, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. नवा घ्यायला मन होत नाही, जुन्याला गिऱ्हाईक मिळत नाही. अशा वेळी कुणीतरी म्हणतं, ‘प्रोसेसर बदला, रॉकेट होईल.’ हे म्हणणारा बहुधा भाचा असतो. भाच्याचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर असतं, हीच खरी अडचण आहे.

नमुना म्हणून एक मशीन घेऊ. एच-६१ चिपसेटचा मदरबोर्ड, त्यावर २०११ सालचा इंटेलचा आय-थ्री २१००, आणि रॅमच्या दोन स्लॉटांत चार-चार जीबीच्या दोन डीडीआर-थ्री स्टिक. याच सॉकेटात २०१२चा आय-सेव्हन ३७७० बसतो. दोनाच्या जागी चार कोअर, चाराच्या जागी आठ थ्रेड, आणि वीज ६५ वॉटऐवजी फक्त ७७. म्हणजे कागदावर नुसता फायदाच फायदा. हा प्रोसेसर आता नवा कुणी बनवत नाही, तेव्हा तो जुन्या मालात शोधावा लागतो. मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं आहे, पण त्या नावाने विचारलंत तर तुम्हाला नवखे समजून भाव लावतील. दुकानदार ‘चेक करून देतो साहेब’ म्हणतो. डिस्प्ले आला की चेक झालं, एवढाच त्याचा अर्थ धरावा.

पूर्वतयारी

घरच्यांना ‘अर्ध्या तासाचं काम आहे’ असं सांगा. नंतर हे वाक्य तुम्हाला अनेकदा ऐकवलं जाईल, तेव्हा ते स्पष्ट आणि मोठ्याने उच्चारा. ‘अहो, पण चालत होता ना नीट?’ या प्रश्नाला उत्तर देऊ नका. त्याला उत्तर नाही.

आता एक खरोखरीची सूचना. जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायॉस अपडेट करा. एच-६१चे सुरुवातीचे बोर्ड बाजारात आले तेव्हा आय-सेव्हन ३७७०ची आयव्ही ब्रिज पिढी जन्मालाच आली नव्हती, त्यामुळे जुन्या बायॉसला हा पाहुणा ओळखताच येत नाही. पंखे फिरतात, दिवे लागतात, स्क्रीन काळी ती काळीच. मग नवा काढा, जुना बसवा, बायॉस अपडेट करा, जुना काढा, नवा बसवा. ही कसरत ज्यांना टाळायची असते ते ही सूचना आधी वाचतात. बाकीचे सगळे नंतर. आणि बायॉस लिहिलं जात असताना वीज गेली तर बोर्डच गेला, तेव्हा यूपीएस नसेल तर पावसाळ्यातली संध्याकाळ या कामाला निवडू नका.

पायरी पहिली : उघडणे आणि बसवणे

मेन स्विच बंद करा, वायर काढा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. कूलर काढा. सॉकेटची दांडी उचला. जुना प्रोसेसर अलगद वर घ्या. आणि इथे थांबा.

टॉर्च आणा, तिरपा धरा, आणि सॉकेटात नीट पाहा. तिथे ११५५ बारीक सोनेरी पिना आहेत, सगळ्या एकाच कोनात वाकलेल्या, ओळीने. पिना बोर्डावर असतात. प्रोसेसरच्या पोटाला नुसते सपाट ठिपके. तिरप्या उजेडात सगळी ओळ एकसारखी चमकते. एखादी पिन जरा जरी कलली असेल तर तिथली चमक तुटते. एवढ्यासाठीच टॉर्च. बोट लावायचं नाही, फुंकर मारायची नाही, कपड्याने पुसायचं तर नाहीच नाही. शर्टाची बाही दुमडून घ्या; बाहीच्या एका धाग्याने पिनांची आख्खी रांग ओढली जाऊ शकते. प्रोसेसर सरळ वरून ठेवायचा, सरकवून ‘बसतोय का’ पाहायचं नाही. बाजूच्या खाचा जुळल्या की तो आपणहून बसतो.

प्रोसेसरच्या पाठीवर, कूलरखाली लावायची थर्मल पेस्ट भिजलेल्या साबुदाण्याएवढी पुरते. ट्यूब संपवण्याचं बंधन नाही.

आता कूलर. इंटेलच्या डब्यातल्या कूलरला चार काळे प्लास्टिकचे पाय असतात आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक बाण कोरलेला. बाण दिसला की कोणताही माणूस ‘इकडे फिरवून घट्ट करा’ असं समजतो. बाणाच्या दिशेने फिरवलं की पाय सुटतो. ही रचना ज्याने केली त्याला कूलर एकदाही स्वतः बसवावा लागला नसावा. समोरासमोरचे दोन कोपरे आधी दाबा, मग उरलेले दोन. प्रत्येक वेळी ‘टक्’ आवाज आला पाहिजे. तीन टक् आणि चौथा पाय अधांतरी राहिला तर कूलर एका अंगाला कलतो आणि प्रोसेसरवरचा दाब असमान होतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. तिचा रॅमशी काही संबंध असेल असं आत्ता तुम्हाला वाटणार नाही.

पायरी दुसरी : आनंद

डिस्प्ले आला. टास्क मॅनेजर उघडा, आठ चौकोन मोजा, फोटो काढून भाच्याला पाठवा. तो अंगठा पाठवेल. पायरी संपली.

पायरी तिसरी : एरर

पहिल्या दिवशी निळी स्क्रीन येते, तिच्यावर ‘मेमरी मॅनेजमेंट’. दुसऱ्या दिवशी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’. तिसऱ्या दिवशी तिसरंच काहीतरी. कधी झिप फाइल उघडताना ‘सीआरसी एरर’ म्हणते, कधी ब्राउझरचा टॅब मधेच मान टाकतो. कधी काहीच बिघडत नाही, फक्त विंडोज सांगते की रॅम आठ जीबी आहे, पण वापरता येण्याजोगी ३.९७. दर वेळी नवं कारण सांगणाऱ्या निळ्या स्क्रीनमागे बहुतेकदा हार्डवेअर असतं; एकच सॉफ्टवेअर बिघडलं असतं तर तक्रारीतही सातत्य दिसलं असतं.

आता तज्ज्ञ जमतील. शेजारचे काका म्हणतील, रॅम काढ आणि खोडरबराने घास. भाचा म्हणेल, ‘मामा, फॉरमॅट मारा.’ दुकानदार म्हणेल, रॅम गेली, नवी टाका. तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण सारखं नाही.

काकांचा उपाय हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडच्या दमट हवेत, विशेषतः किनारपट्टीवर, रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर मळ आणि ऑक्साइड धरतं, आणि स्टिक काढून घालण्यानेही निम्मं काम होतं. फक्त सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, तेव्हा भांडी घासल्यासारखं घासू नये. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि मऊ कापड त्याहून बरं. रबर वापरलंत तर त्याचा भुगा स्लॉटात पडू देऊ नका.

भाच्याचा उपाय मात्र कटाक्षाने टाळा. मेमरी चुकत असताना विंडोज टाकणं म्हणजे चुकीच्या प्रती स्वतःच्या हाताने डिस्कवर उतरवणं. नवी विंडोज आतूनच फुटकी बसते आणि मग मूळ दुखणं आणि नवं दुखणं वेगळं काढता येत नाही. मेमरी शुद्ध ठरेपर्यंत फॉरमॅट नाही, बायॉस अपडेट नाही, महत्त्वाच्या फायलींची हलवाहलवही नाही. बॅकअप प्रोसेसर बदलण्याआधी घ्यायचा असतो. घेतला नसेल तर हे वाक्य वाचलंच नाही असं समजा.

आणि दुकानदार? तो रॅमवर आळ घेतो, कारण रॅम त्याच्याकडे विकायला आहे. पण जरा विचार करा. परवापरवापर्यंत याच दोन स्टिक बिनतक्रार चालत होत्या. बदललं काय? प्रोसेसर.

इथे थोडा इतिहास लागतो. रॅमशी देवाणघेवाण करणारा मेमरी कंट्रोलर पूर्वी मदरबोर्डावरच्या वेगळ्या चिपमध्ये असायचा. एएमडीने २००३ मध्ये अ‍ॅथलॉन ६४च्या वेळी तो डेस्कटॉप प्रोसेसरच्या पोटात घातला, इंटेलने २००८च्या अखेरीस पहिल्या कोअर आय-सेव्हनबरोबर. तेव्हापासून प्रोसेसर बदलणं म्हणजे रॅमचा कारभारीही बदलणं. रॅमकडे जाणाऱ्या तारा थेट त्या ११५५ पिनांमधून जातात. त्यातली एक पिन वाकली, किंवा कूलर कलल्यामुळे तिचा स्पर्श सैल पडला, की एका स्लॉटची अर्धीमुर्धी वाट बंद. रॅम बिचारी जागेवर असते, धडधाकट असते, आणि एरर तिच्या नावाने फाटतो. विंडोजला चुकीचा डेटा हाती आल्यावर कळतं. तो वाटेत कुणी बिघडवला हे तिला दिसत नाही.

पायरी चौथी : तपास

बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी काढून बायॉस कोरा करा. तिच्यावर सीआर २०३२ लिहिलेलं असतं, म्हणजे २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. जुन्या प्रोसेसरच्या वेळच्या सेटिंग्ज पुसल्या जातात आणि पुष्कळदा दुखणं इथेच संपतं. तारीख मात्र कित्येक वर्षं मागे जाते, आणि ती दुरुस्त करेपर्यंत बँकेची वेबसाइट उघडत नाही. त्याचं खापरही रॅमवर फोडलं गेल्याची उदाहरणं आहेत.

दुखणं राहिलं तर पेन ड्राइव्हवर ‘मेमटेस्ट८६ प्लस’ घ्या. फुकट मिळतं, विंडोजशिवाय चालतं, आणि चूक सापडली की लाल ओळ दाखवतं. ज्याचा हा पुढचा अवतार, तो मूळ मेमटेस्ट क्रिस ब्रेडी यांनी १९९४ मध्ये लिहिला होता. म्हणजे रॅमवर संशय घेण्याचं काम बरंच जुनं आहे. पहिली फेरी झाली की लगेच उठू नका. रात्रभर चालू द्या. काही चुका पहाटेच उगवतात.

चाचणी दोन्ही स्टिक एकदम लावून करण्यात अर्थ नाही. एक स्टिक, एक स्लॉट. दोन स्टिक, दोन स्लॉट, म्हणजे चार जोड्या. स्टिकवर पेन्सिलीने ‘अ’ आणि ‘ब’ लिहा, नाहीतर तिसऱ्या जोडीला कोण कोण होतं ते विसराल. ‘अ’ दोन्ही स्लॉटांत चुकली आणि ‘ब’ दोन्हीत बरोबर आली, तर दुकानदार खरा, ‘अ’ गेली. चूक स्टिकबरोबर न फिरता एकाच स्लॉटात बसून राहिली, तर कूलर काढा आणि टॉर्च पुन्हा हातात घ्या. एकेकटी दोघी शहाण्या आणि जोडीने लावल्यावरच भांडतात, तर वेगाचा किंवा जोडी न जुळण्याचा प्रश्न. चारही जोड्यांत लाल ओळी आल्या, तर दोन्ही स्टिक एकाच रात्री मेल्या असं मानण्याआधी त्या दुसऱ्या कुणाच्या मशीनवर तपासा. तिथे बऱ्या निघाल्या तर नव्याने घेतलेल्या जुन्या प्रोसेसरकडे, किंवा थकलेल्या एसएमपीएसकडे, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याकडे वळा.

तिसऱ्या शक्यतेत एक गंमत दडलेली आहे. स्टिकवरचं लेबल वाचा. पीसी-थ्री १०६०० लिहिलं असेल तर ती १३३३ची, १२८०० असेल तर १६००ची. जुना आय-थ्री १३३३च्या पुढे जातच नाही. म्हणजे तुमची १६००ची रॅम आयुष्यभर १३३३ने चालत होती, आणि तिला १६००चा वेग झेपतो की नाही हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. आय-सेव्हन आला, त्याला १६०० चालतो, बोर्डाने लेबल प्रमाण मानून वेग वाढवला, आणि स्टिकचं इतकी वर्षं झाकलेलं वैगुण्य उघड्यावर आलं. बायॉसमध्ये जाऊन वेग हाताने १३३३ करा. लाल ओळी थांबल्या तर तसंच राहू द्या. हिशेब, पत्रं आणि यूट्यूब यांत हा फरक कुणाच्या बापाला कळत नाही. भाच्याला कळेल, पण त्याला सांगू नका.

वाकलेली पिन सापडली तर भिंग घ्या आणि शिसं काढून टाकलेली ०.५ची यांत्रिक पेन्सिल. तिच्या पोकळ टोकात पिन अडकवून केसभर सरळ करायची, शेजारणीच्या कोनाशी कोन जुळवायचा. हात थरथरत असेल तर मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. त्याच्याकडे सूक्ष्मदर्शक असतो आणि त्याला तुमच्या अब्रूशी देणंघेणं नसतं.

पायरी पाचवी : बंद करणे

दोन्ही स्टिक जागेवर, कूलरचे चारही पाय टक्, वेग ठरलेला, मेमटेस्ट रात्रभर शुद्ध. आता फॉरमॅट मारायचा असेल तर खुशाल मारा. बाजूचा पत्रा सरकवा, स्क्रू लावा. एक स्क्रू उरेल. तो खिशात टाकण्याआधी वायर काढून कॅबिनेट दोन्ही हातांनी उचला आणि कानाशी हळूच हलवा. आत काही खुळखुळलं तर दुसराही एक स्क्रू आहे, आणि तो बोर्डाखाली आहे. पत्रा परत काढा.